टिंकर पुलावरची चकती

वेंडेल हाकालाच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे, कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात कॉफी नसे. मिठाचं पाणी असे, इतकं दाट की कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नसे. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा डबा त्याने शेवटची दोनच वर्षं बाळगला. पण मिस्को काउंटीत आज त्याचं नाव निघतं ते त्या डब्यामुळे, म्हणून त्याची हकीकत तिथूनच सुरू करायला हवी.

मिस्को काउंटी हा अमेरिकेतला जिल्हा लेक सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. नोव्हेंबरात सरोवरावरून वारा सुटला की बर्फ पडायला लागतो तो एप्रिलपर्यंत. उरलेले महिने लोक त्याविषयी बोलतात. वेंडेलचे आजोबा तांब्याच्या खाणीत होते, वडील लाकूडतोडीवर. खाणी बंद पडल्या, जंगलातली कामं आटली, आणि वेंडेल सत्ताविसाव्या वर्षी काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ सारणाऱ्या ट्रकवर लागला. पुढे लोखंडी पातं, मागे मीठ फेकणारी चक्री. त्याच्याकडे अठरा मैलांचा एकच रस्ता होता, टॅपर्स हार्बरपासून डोंगरातल्या शाळेपर्यंत. तो त्याने एकतीस हिवाळे सांभाळला.

टोइवो नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. गाडी थांबवायची, हातमोजा काढायचा, गुडघ्यावर बसायचं आणि उघडा तळहात डांबरावर टेकवून वीस आकडे मोजायचे. हात ओला झाला तर मीठ टाकायचं. कोरडा राहिला तर काहीही न टाकता पुढे जायचं, कारण कोरड्या रस्त्यावर मीठ पडलं की वाऱ्यावर उडणारा भुरभुरीत बर्फ त्याला चिकटतो आणि नव्हतं ते संकट उभं राहतं. कातडी चिकटली तर तुला उशीर झाला, असं टोइवो म्हणे. वेंडेलच्या उजव्या तळहाताची कातडी चामड्यासारखी झाली होती, ती अशी.

त्याच्या रस्त्यावर टिंकर ओढ्याचा पूल होता. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण थंड हवा त्याच्या खालूनही वाहते. या पुलावर दर हिवाळ्यात एखादी तरी गाडी कठड्यावर आदळायची. म्हणून तीन वर्षांपूर्वी काउंटीने जोडी लाफर्नियर नावाच्या तंत्रज्ञ मुलीला कंत्राटावर घेतलं. तिने चार पुलांच्या डांबरात बशीएवढ्या काळ्या चकत्या बसवल्या. चकतीला पृष्ठभाग किती थंड आहे ते कळे, ओला आहे की कोरडा ते कळे, आणि ओलाव्यात मीठ किती आहे तेही कळे. त्यावरून ते पाणी किती अंशांना गोठेल याचा हिशेब करून ती गॅरेजमधल्या पडद्यावर रंग दाखवी. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे तासाभरात बर्फ धरेल, लाल म्हणजे धरला. पडद्यासमोर बसे फोरमन ट्रेगेम्बो. मोठ्या पोटाचा, सावध माणूस. पिवळा दिसला की तो रेडिओ उचले.

पहिल्या हिवाळ्यात वेंडेलला असं नऊ वेळा बोलावलं गेलं. त्यातले तीन शनिवार होते. शनिवारी संध्याकाळी परसातल्या लाकडी सौनेत चूल पेटवायची, दगड तापले की त्यांवर पाणी मारून वाफेत बसायचं, आणि मग बायकोने, ईलीनने, केलेला वेलदोड्याचा पाव खायचा, हा त्याच्या घरातला नेम चार पिढ्यांचा होता. फोन आला की अंग पुसून, चार कपडे चढवून अकरा मैलांवरच्या गॅरेजमधून ट्रक आणायचा. पुलावर हात टेकवायचा, तर पूल कोरडा नाहीतर नुसता दमट. मीठ टाकून परत यावं तोवर दगड निवलेले असत.

तक्रार केली तेव्हा जोडीने गॅरेजमध्ये सगळ्यांना समजावलं. ती चोविशीतली, बारीक चणीची, बोलताना बोटांवर मुद्दे मोजणारी.

"बर्फ दिसण्याच्या आधी तुम्हाला बोलावणं, हेच तिचं काम आहे. तुम्ही जाता, मीठ टाकता, म्हणून बर्फ धरत नाही. मग तुम्हाला वाटतं, उगाच बोलावलं."

"म्हणजे काहीच झालं नाही की चकती बरोबर," मिल्ट म्हणाला. मिल्ट हा वेंडेलच्या शेजारच्या रस्त्याचा ड्रायव्हर. "माझी सासू असंच बोलते. मी टोकलं म्हणून तू पडला नाहीस."

गॅरेज हसलं. जोडीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. वेंडेलला तेव्हाच कळलं होतं की पोरीचं म्हणणं खरं आहे. तो हसला मात्र सगळ्यांबरोबर.

डब्याची युक्ती त्याचीच. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, एका शनिवारी दुपारी फेरी संपवताना त्याने पुलावर गाडी उभी केली, पिवळे दिवे लावले आणि डब्यातलं मिठाचं पाणी नेमकं चकतीवर ओतलं. पुलावर रीतसर मीठ टाकून झालेलंच होतं; हे वरचं. घरी जाऊन सौना तापवली. फोन आला नाही. रविवारी ट्रेगेम्बो म्हणाला, "तुझा पूल काल रात्रभर हिरवागार होता. काय टाकलंस?"

"प्रेमाने टाकलं," वेंडेल म्हणाला.

महिन्याभरात चारही ड्रायव्हरांच्या सीटमागे डबे आले. याला ते चकतीला जेवू घालणं म्हणत. सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी मिल्ट विचारी, "काय म्हाताऱ्या, तुझ्या चकतीची न्याहारी झाली का?" आणि वेंडेल सांगे, "झाली, ढेकर पण दिला." यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पूल सगळ्यांचे नीट मिठवलेले असत. चकतीला खाऊ घालायचं ते केवळ फोरमनने पुन्हा हाक मारू नये म्हणून. दीड हिवाळा एकही गाडी कठड्यावर आदळली नाही. त्याचं श्रेय जोडीच्या अहवालात चकतीला गेलं आणि गॅरेजमध्ये ड्रायव्हरांच्या हातांना.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी एक वाजता ट्रेगेम्बोने रेडिओवर सांगितलं, "वेंडेल, टिंकर पिवळा दाखवतोय. मीठ टाकून घे."

वेंडेल पुलावरच होता. त्याने गाडी थांबवून तळहात टेकवला, वीस मोजले. हात कोरडा. जमिनीवरून जोराचा वारा होता आणि कडेचा भुरभुरीत बर्फ पुलावरून सापासारखा सरपटत पलीकडे जात होता. अशा वेळी मीठ टाकणं म्हणजे त्या बर्फाला बसायला पाट मांडून देणं. हे रेडिओवर समजावत बसायचं तर ट्रेगेम्बो पडद्याकडे बोट दाखवणार, मग जोडीला विचारणार, आणि तिकडे शाळेकडची चढण साफ व्हायची राहणार. वेंडेलने सीटमागचा डबा काढला, चकतीवर ओतला, आणि रेडिओवर म्हणाला, "झालं."

पाच मिनिटांत पडदा हिरवा झाला.

अडीचच्या सुमाराला वारा फिरला. सरोवराच्या न गोठलेल्या मध्यावरून दाट धुकं आलं आणि जिथे टेकलं तिथे काचेसारखं बसलं. एकट्या चकतीवर मिठाची साय होती, तेवढी जागा ओली राहिली. गॅरेजमध्ये टिंकरचा चौकोन दुपारभर हिरवा होता. ट्रेगेम्बोने मोकळा ट्रक दुसऱ्या पुलाकडे पाठवला, तो लाल दाखवत होता म्हणून.

तीन वाजून वीस मिनिटांनी ऑड्रा सिमोनेटी पुलावर आली. ऑड्रा या रस्त्यावर टपाल वाटायची, सोळा वर्षं. तिची गाडी सरकली, कठडा तोडून ओढ्याच्या काठावर आडवी पडली. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, उजव्या हाताची दोन बोटं गेली. टपाल बर्फावर विखुरलं होतं. शाळेकडून परतणारा वेंडेलच तिथे पहिला पोचला. पुलावर पाय ठेवताच तो घसरला आणि हात टेकले. तळहाताची कातडी चिकटली.

ऑड्रा शुद्धीवर होती. ती एवढंच म्हणाली, "वेंडेल, लाल पट्टीचं पाकीट बघ, औषधं आहेत कुणाचीतरी."

त्याने पाकीट शोधलं.

चौकशी झाली. ट्रेगेम्बोच्या वहीत लिहिलेलं होतं: एक वाजून पाच, चालकाने मीठ टाकल्याचं कळवलं. पडद्याच्या नोंदीत दुपारभर हिरवा रंग होता. वेंडेलला दोन प्रश्न विचारले गेले. कळवलं होतं का? हो. हात टेकवून पाहिलं होतं का? हो, कोरडा होता. दोन्ही उत्तरं खरी होती. मीठ टाकलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही, कारण वेंडेल हाकालाला ते विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

उरलं यंत्र. आणि यंत्र म्हणजे जोडी.

गॅरेजमध्ये तर जत्राच भरली. कुणीतरी पुठ्ठ्यावर हाताचा पंजा काढून तो ट्रेगेम्बोच्या पडद्यावर टांगला. मिल्टने जाता-येता त्या पंजाला सलाम ठोकायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर तो म्हणे, "एकतीस वर्षांत हा हात कधी खोटं बोलला नाही. यालाच पडदा जोडा." चौघे एकटे असले की मात्र डब्यांचा विषय निघत नसे. त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी तिघांच्या ट्रकमधले डबे नाहीसे झाले होते. वेंडेलने आपला टाकला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गाडी वळणावर कलली की सीटमागे तो पत्र्यावर वाजे.

हात खोटं बोलला नव्हता, हे खरंच. पण हात एक वाजताचं सांगतो. अडीचचं सांगत नाही. ते सांगणारं जे एक होतं, त्याच्या तोंडात वेंडेलने आपल्या हाताने मीठ कोंबलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जोडीने ट्रेगेम्बोकडे पुलावर वाहनं थांबवायला माणूस मागितला. ट्रेगेम्बोने वेंडेलला पाठवलं. तो झेंडा घेऊन उभा राहिला. जोडी गुडघ्यांवर बसून वेगवेगळ्या बाटल्यांतलं पाणी चकतीवर थेंब-थेंब टाकत होती आणि मांडीवरच्या संगणकात पाहत होती. साधं पाणी, थोडं खारं, जास्त खारं. चकती दर वेळी बरोबर उत्तर देत होती. जोडीने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वेळा.

"तुला थंडी वाजेल," वेंडेल म्हणाला.

"वाजतेच आहे." तिने मान वर केली नाही. "ही बरोबर आहे हो वेंडेल. आता बरोबर आहे, ऑक्टोबरात बसवली तेव्हा बरोबर होती. त्या दिवशीच चुकली. असं होत नाही. म्हणजे मीच कुठेतरी चुकले. कुठलंतरी माप घेताना."

एक दुधाचा टँकर आला, त्याला त्याने थांबवलं, मग सोडलं.

"आणि हे बघा," ती चाकूने चकतीच्या कडेची पांढरी खपली खरवडत म्हणाली. "एवढं मीठ इथेच का साठतं? बाकी पुलावर नाही."

"चाकांच्या वाटेत आहे ना ती. टायर आणतात."

ती क्षणभर विचारात पडली, मग तिने ते वहीत लिहिलं. "बरं झालं तुम्ही होतात. या पुलाचं तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

पुठ्ठ्याच्या पंजाची थट्टा त्याने पचवली होती. हे वाक्य त्याच्या घशाखाली उतरलं नाही. पंधरा दिवस तो जेवताना मधेच थांबे आणि ईलीन विचारी, "मीठ कमी आहे का?"

ऑड्रा इस्पितळातून घरी आल्यापासून वेंडेल रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिच्या दारातला बर्फ काढत होता. स्वतःच्या जुन्या ट्रकला छोटं पातं लावून जायचा. आधी वाट, मग गाडीची जागा, मग पायऱ्या फावड्याने. शेजारधर्म म्हणून कुणीही एवढं करतं. पण वेंडेल खालची खडी दिसेपर्यंत काढायचा, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ करायचा, आणि बर्फ पडला नाही त्या दिवशीही जायचा.

ईलीन एकदा म्हणाली, "तिचं अंगण आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे म्हणतात."

"बाई घरात अडकली आहे."

"अडकली आहे. खडी खायला बाहेर येणार नाहीये." मग पाव कापता कापता तिने शांतपणे विचारलं, "काय केलंस तू?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि सदतीस वर्षांच्या संसारात प्रथमच ईलीनने पुढचा प्रश्न विचारला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी ऑड्राच्या दारात जोडीची छोटी गाडी उभी होती. वेंडेल खिडकीखालच्या पायऱ्या साफ करत होता. खिडकी फटीएवढी उघडी होती. ऑड्राला बंद खोलीत जीव घाबरा व्हायचा.

"मी माफी मागायला आले," आतून जोडीचा आवाज आला. "यंत्र माझं होतं. तुमच्यावर जे आलं ते माझ्या चुकीमुळे आलं. काय चूक ते मला अजून सापडलं नाही, पण ती माझीच आहे. एकतीस तारखेच्या काउंटीच्या बैठकीत तसं लिहून देणार आहे. चकत्या काढून टाकतील. माझं कंत्राटही जाईल, त्याचं काही नाही."

पोरगी रडत होती.

"हे बघ," ऑड्रा म्हणाली, "यंत्र म्हणजे यंत्र. तू काय पुलावर बसून राहणार होतीस का? पूस डोळे. त्या डब्यात बिस्किटं आहेत."

वेंडेलने फावडं भिंतीला टेकवलं. पायऱ्यांवर अर्धा बर्फ तसाच राहिला. जोडी बाहेर आली तेव्हा तो तिच्या गाडीपाशी उभा होता.

"बैठकीच्या आधी पुलावर ये," तो म्हणाला. "तो संगणक घेऊन ये."

"कशाला?"

"ये तर."

ती दुसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजता आली. आकाश स्वच्छ होतं, पूल कोरडा. तिने संगणक उघडला. वेंडेलने सीटमागून डबा काढला, झाकण उघडलं आणि रोज ओतायचा तसाच ओतला, गोल फिरवत, कडेपासून मध्यापर्यंत. त्याचा हात सराईत होता, आणि ते सराईतपण लपवायचं त्याने ठरवलंही नव्हतं.

जोडीने पडद्याकडे पाहिलं. हिरवा झाला. तिने डब्याकडे पाहिलं, मग कडेच्या पांढऱ्या खपलीकडे.

"टायर आणतात," ती म्हणाली.

वेंडेलने रिकामा डबा खाली ठेवला.

"किती दिवस?"

"दोन हिवाळे."

"त्या दिवशी मीठ टाकलं होतं? पुलावर?"

"नाही. हात कोरडा आला. टाकायला नको होतं तेव्हा." त्याने डब्याचं झाकण बसवलं. "तेव्हा नको होतं. नंतर हवं होतं. तुझ्या चकतीने हाक मारली असती."

"मारली होती," जोडी म्हणाली. "एक वाजता. नंतर पुन्हा मारली असती, वारा फिरल्यावर." ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती बोटांवर मोजत होती, सवयीने. "मी सहा आठवडे झोपले नाही. तुम्ही इथे झेंडा घेऊन उभे होतात."

"हो."

"आणखी कोण?"

"मी एकटाच."

तिने संगणकात काहीतरी शोधलं. "गेल्या वर्षीची दहा जानेवारी. तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. तुम्ही इस्पितळात होतात, मीच फळं घेऊन आले होते. त्या दिवशी टिंकर असाच हिरवा झाला होता. पाच मिनिटांत."

त्या दिवशी वेंडेलचा रस्ता मिल्टने पाहिला होता. मिल्टची धाकटी मुलगी अजून शाळेत होती.

"मी एकटाच," वेंडेल म्हणाला.

जोडीने संगणक मिटला. "मग तसं तुम्हीच लिहा. मी लिहिणार नाही. मला जे माहीत आहे तेच मी लिहिते."

त्याने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. दोन परिच्छेदांना तीन संध्याकाळी लागल्या. ईलीनने वाचून एक शब्द बदलला: 'पाणी सांडलं' असं होतं तिथे 'ओतलं' केलं. सही त्याने एकट्याची केली. ते पूर्ण खरं नव्हतं हे त्याला माहीत होतं, ईलीनला माहीत होतं, आणि जोडीला तर तारखेसकट माहीत होतं. एक खोटं निस्तरताना त्याने दुसरं मागे ठेवलं, आणि त्याला त्यातून तिसरा रस्ता दिसला नाही.

बैठकीआधी तो कागद ट्रेगेम्बोच्या हातात गेला. ट्रेगेम्बोने तो दोनदा वाचला आणि खुर्चीवर चढून पडद्यावरचा पुठ्ठ्याचा पंजा काढला.

"तू 'झालं' म्हणालास, म्हणून मी वहीत लिहिलं," तो म्हणाला. "तुझ्याऐवजी दुसरा कुणी असता तर दोनदा विचारलं असतं रे."

चकत्या राहिल्या. जोडीचं कंत्राट वाढलं. वेंडेलला ट्रकवरून उतरवून, निवृत्तीपर्यंतचे महिने काढायला मागच्या गोदामात बसवलं. मिल्ट आणि बाकी दोघे त्याच्याशी बोलेनासे झाले. त्यांची नावं त्याने घेतली नव्हती, पण आता चारही पुलांवर कॅमेरे बसणार होते, आणि कॉफीच्या यंत्रापाशी तो आला की कप अर्धा सोडून माणसं उठत. एकदा मिल्ट दारातून म्हणाला, "गाडलेलं मढं उकरायची काय हौस होती?" वेंडेलला उत्तर माहीत होतं, पण ते ऐकायला मिल्ट थांबला नाही.

ऑड्राला त्याने कागद दिल्याच्या संध्याकाळीच जाऊन सांगितलं होतं. ती खिडकीपाशी, पाय उशीवर ठेवून बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने ती उजव्या हाताची पट्टी सारखी करत होती.

"ती मुलगी इथे रडत होती," ती शेवटी म्हणाली. "तू तेव्हा कुठे होतास?"

"पायऱ्यांवर."

"ऐकू आलं?"

"हो."

"म्हणून सांगितलंस. ती रडली नसती तर?"

वेंडेलने टोपी हातात फिरवली. "माहीत नाही, ऑड्रा."

"हे मात्र खरं बोललास." ती बाहेर पाहत होती. अंगण दिव्याच्या उजेडात पाटीसारखं साफ दिसत होतं, कडा सरळ. "मला वाटायचं, या वस्तीत अजून अशी माणसं आहेत. पाहुण्यांना सांगायचे मी." मग म्हणाली, "उद्यापासून अंगण राहू दे."

"बर्फ येणार आहे."

"येऊ दे. भाचा काढील. नाही निघाला तर नाही निघाला."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरोवरावरून शेवटचा मोठा बर्फ आला. सकाळी वेंडेलने दार उघडलं तर पायऱ्या दिसत नव्हत्या. छोट्या ट्रकला पातं लावलेलंच होतं. तो हातमोजे घालून ट्रकमध्ये बसला, किल्ली लावली, आणि तसाच बसून राहिला. मग उतरून आत आला. ईलीनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

त्यांच्या घरापासून टिंकर पूल अर्ध्या मैलावर आहे. हवा स्तब्ध असली की तिथला ट्रक ऐकू येतो. आत्ता त्याच्या रस्त्यावर मिल्ट होता. आधी पात्याची डांबरावरची घरघर आली. पुलाच्या सांध्यावर पातं उचललं गेलं, तेव्हा घरघर थांबली आणि साखळ्या खणखणल्या. मग मीठ फेकणारी चक्री फिरायला लागली. वेंडेलने कप खाली ठेवला आणि कान दिला. हात टेकवायला किंवा डबा ओतायला गाडी पुलावर थांबते का ते तो ऐकत होता.

थांबली नाही. चक्री पूल संपेपर्यंत फिरत राहिली, सांधा पुन्हा वाजला, पातं खाली आलं, आणि आवाज चढणीच्या बाजूला गेला.

"गेला?" ईलीनने विचारलं.

"गेला," वेंडेल म्हणाला.